अभयवचन आणि दुःख

ज्या घरांत नुकतेंच मूल गेलें आहे, त्या घरीं समाचारास येणाऱ्यांपैकीं कोणी तरी ‘देवाची इच्छा’ असें म्हणतो. आणि त्याहून धीट असा एखादा ‘श्रद्धा कमी पडली’ असेंहि सुचवितो. पहिल्या बोलण्यानें दुःख हलकें होत नाहीं. दुसऱ्यानें मात्र त्यावर अपराधाचें ओझें चढतें. हा प्रकार सर्वच धर्मांत आढळतो. परंतु बायबलांत ईश्वरी संरक्षणाचीं वचनें इतकीं स्पष्ट आहेत कीं, तेथें हा प्रश्न विशेष तीव्र होतो.

स्तोत्रसंहितेंतील ९१ वें स्तोत्र पाहा. परमेश्वराच्या आश्रयास राहणाऱ्याच्या तंबूपाशीं रोगराई फिरकणार नाहीं, शेजारीं हजारों पडले तरी त्याला धक्का लागणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. भाविक मनुष्य साथीच्या दिवसांत तें म्हणतो; आणि साथ भाविक व अभाविक असा भेद करीत नाहीं, हें त्याच्याच डोळ्यांसमोर घडतें. मग वचन खोटें म्हणावें, कीं मेलेल्याची श्रद्धा खोटी म्हणावी?

दुसरा मार्ग सोपा, म्हणून पुष्कळ लोक तो पत्करतात. पण खुद्द बायबलच तो बंद करतें. ईयोबाचे मित्र ईश्वराच्या न्यायाचें समर्थन करीत होते. तरी अखेरीस ईश्वराचा कोप झाला तो त्यांच्यावर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांच्या १२ व्या अध्यायांत हेरोद राजा याकोबाला तरवारीनें मारतो, आणि त्याच अध्यायांत देवदूत पेत्राला तुरुंगांतून सोडवितो. याकोबाची भक्ति उणी होती असें ग्रंथकार म्हणत नाहीं. तो कारणच देत नाहीं.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत तर ९१ वें स्तोत्र सैतानाच्या तोंडीं आलें आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असें तो येशूला सांगतो. आणि ईश्वराची परीक्षा पाहूं नये म्हणून येशू नकार देतो. वचन हें दस्तऐवजासारखें पुढें करून वसुली मागण्यासाठीं नाहीं, हा त्याचा अर्थ.

पण उडी न टाकणाऱ्यावरहि कडा कोसळतोच, त्याचें काय? संरक्षण आत्म्याचें, देहाचें नव्हे, असें उत्तर देण्यांत येतें. तें खरेंहि असेल; पण स्तोत्र रोगराईविषयीं बोलतें, आणि रोग देहालाच होतो. आमच्या मतें, हें स्तोत्र घटनांचा नियम सांगत नाहीं, हें प्रामाणिकपणें कबूल करावें. तो विश्वासाचा उद्गार आहे. त्याच संग्रहांतील ८८ वें स्तोत्र अंधारांतच संपतें, आणि संग्राहकांनीं दोन्हीं जपून ठेवलीं.

पंडिता रमाबाईंचे पति १८८२ सालीं पटकीनें वारले. तेव्हां त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. पुढें हिब्रू व ग्रीक मुळांवरून सबंध बायबल मराठींत आणण्याचें काम त्यांनीं आरंभिलें. तें चालू असतां १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. दुसऱ्याच वर्षीं रमाबाईहि गेल्या, आणि त्यांचें भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत हीं दोन्हीं स्तोत्रें आहेत. अशा स्त्रीच्या विश्वासाची उणीव काढण्याचा अधिकार कोणाला आहे?

म्हणून अभयवचन उच्चारावयाचें तें ज्याचें त्यानें, स्वतःसाठीं. दुसऱ्याच्या दुःखाचें माप घेण्यास तें वापरूं नये. ईयोबाचे मित्र प्रथम आले तेव्हां सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसून राहिले. पुढें ते पुष्कळ बोलले. समाचारास जाणाऱ्यानें ते सात दिवस तेवढे आठवावेत.