परसबागेचे पाणी कोणाचे?

कासारवाडीत घरी भाजी लावतो असे सांगितले की लोक आधी हसतात. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला पुणे-मुंबई रस्ता, त्यावर आता मेट्रो; परस म्हणावे असे राहिलेय तरी कोणाकडे? तरीपण गेल्या काही वर्षांत आमच्या आळीतल्या गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांत मेथी, पालक, मिरची दिसू लागली आहे. बाजारातली भाजी कोणत्या पाण्यावर वाढली याचा भरवसा राहिला नाही, हे त्याचे कारण. एका संध्याकाळी हरिपाठ आटोपल्यावर मंडळींत वाद निघाला, की ही भाजी करावी कोणत्या रीतीने? वाद इतका रंगला की चहा थंड झाला. त्यात आमची एक चूक आमच्या पदरात पडली, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "माती ती माती. सावतोबांनी मळा केला तो मातीतच ना?" आम्हीही मान डोलावली. अरणच्या त्या मळ्यात देव स्वतः भेटीला गेला, ही कथा वारकऱ्याला सांगायला नको. पण मातीचा आमचा अनुभव काही थोरवीचा नाही. प्रथम आम्ही गच्चीवर विटांचे वाफे बांधून त्यांत काळी माती फूटभर भरली. घराच्या गच्चीचा स्लॅब धरताना चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरलेला असतो. फूटभर ओल्या मातीचे वजन तेवढ्याच जागेत पाचशे किलोच्या घरात जाते. हा हिशेब आम्हाला नंतर कळला. आधी कळले ते खालच्या मजल्यावरच्या वहिनींना. तिसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या देवघरावरच्या छताला ओल आली. त्या भांडल्या नाहीत. देव हलवून स्वयंपाकघरात नेले आणि गप्प राहिल्या. त्या गप्प राहण्याने आमची दोडकी कडू झाली.

मग आम्ही श्री. अ. दाभोळकरांच्या वाटेने गेलो. हे गणिताचे प्राध्यापक. कोल्हापुरातून त्यांनी 'प्रयोग परिवार' चालवला आणि साध्या शेतकऱ्याला मोजमाप करायला शिकवले. त्यांच्या रीतीत माती थोडी आणि कुजवलेला पालापाचोळा फार. दहा लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ; तीन दिवस ढवळायचे, मग दहापट पाणी घालून त्यात वाळला पाला आणि उसाची चिपाडे भिजवायची. आम्ही हे भाजीच्या जुन्या क्रेटांत भरून क्रेट आमच्याच गॅलरीत ठेवले. वजन हलके, वास नाही, आणि घरातली साले-देठेही त्यातच जिरतात. आम्ही खूश! वादात हेच आम्ही ठासून मांडले: ही रीत शुद्ध, रासायनिक मीठ नाही, यंत्र नाही.

तेवढ्यात शेजारचा एक तरुण बोलला. भोसरीत कारखान्यात कामाला आहे. त्याने घरी पांढऱ्या नळ्या बसवून मातीविना पालक केला आहे. मुळ्या नुसत्या खत विरघळलेल्या पाण्यात, पंप ते पाणी फिरवतो. ही कल्पना नवी नव्हे. गेरिक नावाच्या शास्त्रज्ञाने 1930 च्या सुमारास कॅलिफोर्नियात असे टोमॅटो वाढवून दाखवले होते. वृद्ध गृहस्थ म्हणाले, "हे दवाखान्यात सलाइन लावल्यासारखं झालं!" सगळे हसले, आम्हीही हसलो. तरुण मात्र हसला नाही. म्हणाला, "काका, तुमच्या नऊ क्रेटांना रोज पाणी किती लागतं?"

उन्हाळ्यात वीस लिटर, आम्ही सांगितले.

"आणि माझ्या नळ्यांत पाणी तेच ते फिरतं. मला त्याच्या निम्मंही लागत नाही. पाणी येतं कुठून?"

आता बघा, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारलाच नव्हता. आपल्या शहराला पाणी पवना धरणाचे. नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात. 2019 च्या नोव्हेंबरात शहराला दिवसाआड पाणी सुरू झाले तेव्हा आम्हीही कुरकुरलो होतो, आणि त्याच दिवसांत पिंपातले पाणी मिरच्यांना घालीत होतो. त्याही आधीची गोष्ट जास्त बोचणारी. धरणापासून थेट बंद नळाने पाणी आणायचे ठरले, तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. त्यांत एक बाई होती. नळाची ती योजना बरी की वाईट हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. पण ज्या पाण्यासाठी शेतकऱ्याने जीव दिला, ते पाणी हौसेच्या मिरचीला घालून वर तिला 'शुद्ध' म्हणायचे, हे त्या रात्री आम्हाला घशाखाली उतरेना.

आम्ही पाहत होतो ते झाडात काय जाते ते. झाडासाठी कोणाच्या वाट्याचे काय उचलले, हे पाहिलेच नाही. वहिनींचे छत काय आणि मावळचे पाणी काय, चूक एकच.

मग नळ्या बसवाव्यात काय? आम्ही चार दिवस विचार केला. तरुणाचे म्हणणे खोटे नाही, त्याला पाणी थोडे लागते. परंतु ते स्वच्छ, पिण्याजोगे लागते. त्यात तांदळाचे धुवण घातले तर आंबून मुळ्या कुजतील. आमच्या क्रेटांना ते चालते. पूर्वी वाड्याच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ वाढायची, त्यांना कोणी विहिरीचे पाणी शेंदून घालीत नसे. आम्ही घरात सांगून ठेवले, की तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी एका बादलीत साठवायचे, साबणाचे नाही. आठ दिवस मोजले. रोजचे नऊ लिटर भरले, कधी दहा. म्हणजे नऊ क्रेट नव्हे, चार! पाच क्रेट रिकामे केले. टोमॅटोचा एक भरला वेल उपटताना वाईट वाटले, खोटे कशाला सांगा. ज्याच्या घरी धुवणच निघत नाही, डबा बाहेरून येतो, त्याला नळ्याच बऱ्या, असेही आम्ही त्या तरुणाला कबूल केले. आणि भाजीला मावा पडतो तो मारावा की नाही, हा वाद पुन्हा केव्हातरी. तूर्त आम्ही पाण्याच्या धारेने धुऊन काढतो, आणि तेही धुवणच.

एक अडचण राहिलीच होती. आषाढात तुकोबारायांची पालखी आकुर्डीहून पुण्याला निघाली की आमच्या दारावरूनच जाते, आणि आम्ही तिच्याबरोबर चालू लागतो. मागे धुवण निघणार कोणाच्या घरी? गॅलरीत पाऊसही येत नाही. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, म्हणून त्यांचे नाव घेऊन आपण घरी बसावे, एवढी आमची योग्यता नाही. शेवटी किल्ली घेऊन खालच्या वहिनींकडे गेलो. मागायला तोंड नव्हते. त्या म्हणाल्या, "आमच्या घरचं धुवण चालेल ना?" आणि मग, "वांगी धरली तर मी नेईन हो, तुमचा चातुर्मास लागणार."

परत आलो तो चारही क्रेट हिरवे होते. वांगी अर्थात एकही नव्हती.