एक डबा की दोन?

एका माणसाला किती कामं सांगावीत, हा मुळात नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. आमच्या बँकेनं तो केव्हाच सोडवला. व्हाउचर लिहितो त्यानंच ते पास करायचं नाही. तिजोरीच्या किल्ल्या दोन, त्याही दोघांकडे. अविश्वास म्हणून नव्हे हो, विश्वास टिकावा म्हणून!

पण हेच बँकवाले घरी वायफाय घेताना म्हणतात, "एकच डबा द्या, सगळं करणारा."

आता त्या डब्यात खरं तर दोन इसम राहतात. मोडेम हा दुभाषा. बाहेरच्या तारेतली भाषा घरातल्या यंत्रांना कळेल अशी करून सांगतो. (फायबरवाले त्याला ओएनटी म्हणतात, घरात त्या नावानं त्याला कुणी हाक मारत नाही.) राउटर हा टपाल वाटणारा कारकून. एकाच पत्त्यावर आलेल्या ढिगातून टीव्हीचं कोणतं, चिरंजीवांच्या फोनचं कोणतं, हे बघून देतो. दोघांना एका खोलीत कोंडलं की सोय होते, हे कबूल. एक प्लग, एक अ‍ॅडॅप्टर आणि बंद पडलं तर शिव्या द्यायला एकच नंबर. दोन डबे असले की हा म्हणतो लाइनचा दोष, तो म्हणतो राउटरचा. "हे आमच्याकडे नाही, शेजारच्या काउंटरवर," हे वाक्य उभी हयात ऐकवत आल्यामुळे त्यातलं सुख मी जाणतो.

बी.कॉम.ला अ‍ॅडम स्मिथचा टाचण्यांचा कारखाना पाठ केला होता. १७७६ सालचं पुस्तक. दहा माणसं कामं वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. वाकडी निघाली तर कुणाला विचारायचं, ते काही परीक्षेला नव्हतं.

शिवाय वयाचा प्रश्न. २०१९ मध्ये वायफाय सहा आलं, २०२४ मध्ये सात. राउटर म्हातारा झाला म्हणून धडधाकट मोडेमलाही घराबाहेर काढायचं?

पण मला खरी टोचणी वेगळीच. जोडडबा तार जिथं येते तिथंच बसतो, म्हणजे बहुधा हॉलमध्ये. पाच गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान, पण भिंत दिसली की दमतात. तेव्हा हॉलमध्ये मॅच बघणाऱ्या कर्त्या पुरुषाला साय, आणि मागच्या खोलीत आजीच्या पडद्यावर नातू अर्ध्या हसण्यात थिजलेला. बिल मात्र अख्ख्या घराचं! राउटर वेगळा असला तर वायर ओढून तो मधोमध ठेवता येतो. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला ही यातायात नको; आमच्यासारख्या आगगाडीछाप घराला हवीच.

फक्त जुन्या डब्यालाही वाटपाची सवय असेल, तर त्याला 'ब्रिज मोड'वर टाकावं लागतं. म्हणजे किल्ल्या सुनेकडे देऊन सासूनं गप्प बसायचं. यंत्रांना हे एका सेटिंगमध्ये जमतं.

आमच्याकडे आता दोन डबे आहेत. मागच्या खोलीत भाचा हलतो, नाचतो, पळतो. आईचं म्हणणं, पूर्वी निदान एका जागी बसायचा.