अविश्वास कुणावर करावा?

इ. स. १६८५ च्या फेब्रुवारीत दुसरा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. राजा कॅथॉलिक आणि प्रजा बहुतांशी प्रोटेस्टंट. तरीही पहिल्या पार्लमेंटने त्याला सढळ हाताने महसूल मंजूर केला. मग चार वर्षे पुरी होण्याआधीच त्याला देश सोडून पळावे का लागले? 'त्याच्या धर्मामुळे' हे उत्तर नेहमी दिले जाते. आम्हाला ते अर्धेच वाटते.

त्याच उन्हाळ्यात राजाचा पुतण्या ड्यूक ऑफ मॉनमथ याने बंड केले. जुलैत सेजमूरच्या लढाईत ते मोडले. पण बंडासाठी वाढवलेले सैन्य राजाने घरी पाठवले नाही. सुमारे ९ हजारांची फौज वर्षअखेर २० हजारांच्या घरात गेली. पुढे लंडनजवळ हाउन्सलोच्या माळावर दर उन्हाळ्यात या फौजेची छावणी पडू लागली.

खड्या सैन्याची इंग्रजांना आधीच धास्ती होती. क्रॉमवेलच्या फौजेने पार्लमेंट मोडले होते, त्याच्या सेनापतींनी जिल्हे चालवले होते. ती फौज कट्टर प्रोटेस्टंटांची होती, हे विसरता कामा नये. म्हणजे ही भीती मुळात धर्माची नव्हती, जाब न देणाऱ्या तलवारीची होती.

जेम्सने या भीतीत धर्म मिसळला. १६७३ च्या टेस्ट कायद्याने कॅथॉलिकांना सरकारी हुद्दे बंद होते. राजाने तो कायदा बाजूला सारून आपल्या अधिकारात कॅथॉलिक अधिकारी नेमले. पार्लमेंटने नोव्हेंबरमध्ये हरकत घेतली, तेव्हा त्याने अधिवेशनच तहकूब केले. त्याच्या कारकिर्दीत ते पुन्हा भरले नाही. १६८६ मध्ये न्यायाधीशांनीही राजाच्या बाजूने कौल दिला. याच सुमारास फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने नांतचा फर्मान रद्द केला होता. घरात सैनिक घुसवून धर्म बदलायला लावल्याच्या कहाण्या सांगत तिथले प्रोटेस्टंट निर्वासित इंग्लंडमध्ये येत होते. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या.

खरे पाहता जेम्सच्या फौजेतले बहुसंख्य अधिकारी प्रोटेस्टंटच होते. नोव्हेंबर १६८८ मध्ये विल्यम ऑफ ऑरेंज उतरला, तेव्हा जॉन चर्चिलसारखे सरदार त्याला जाऊन मिळाले. ज्या सैन्याची एवढी दहशत होती, ते राजाच्याही कामी आले नाही.

पुढच्या वर्षी पार्लमेंटने हक्कांचा कायदा केला. शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीशिवाय खडे सैन्य ठेवणे बेकायदा ठरले. ही मानवजातीची कमाई आहे. पण त्याच कायद्याने शस्त्र बाळगण्याचा हक्क फक्त प्रोटेस्टंटांना दिला आणि कॅथॉलिकांना गादी बंद केली. त्याच वर्षीच्या सहिष्णुतेच्या कायद्यातूनही कॅथॉलिक वगळले गेले. पार्लमेंटमध्ये बसण्यासाठी त्यांना १८२९ पर्यंत थांबावे लागले. गादीची बंदी तर आजही उठलेली नाही. चूक एका राजाची. शिक्षा शेतकऱ्याला, कारागिराला, त्यांच्या नातवंडांना.

इथे दोन अविश्वास एकमेकांत मिसळले आहेत. ते वेगळे करणे हाच आमच्या मते नीतीचा प्रश्न आहे. सत्तेवरचा अविश्वास नागरिकाचे कर्तव्य आहे. हजरत अबूबक्र (रजि.) यांनी खिलाफत स्वीकारताना लोकांना सांगितले होते, की मी चुकलो तर मला सरळ करा. ज्याला जाब विचारता येत नाही, त्याच्या हाती तलवार देऊ नये, मग तो आपल्या धर्माचा का असेना. माणसाच्या श्रद्धेवरचा अविश्वास मात्र निराळा. १६७८ मध्ये टायटस ओट्सने कॅथॉलिक कटाची खोटी कहाणी रचली आणि निरपराध माणसे फासावर गेली. तेव्हा जेम्स राजा नव्हता, त्याची फौजही नव्हती. अशा संशयाला पुरावा लागत नाही.

दुसरा धडा अल्पसंख्याकांसाठी आहे. जेम्सने १६८७ मध्ये फर्मान काढून कॅथॉलिकांना आणि इतर पंथीयांनाही उपासनेचे स्वातंत्र्य दिले. मागणी रास्त होती, मार्ग चुकला. राजाच्या मेहरबानीने मिळालेले राजाबरोबरच गेले. शेजाऱ्यांची संमती आणि कायद्याचा आधार नसेल, तर सवलत एहसान ठरते, हक्क होत नाही. आणि एहसानाची किंमत पुढे कुणाला तरी चुकवावी लागते.

वफादारीचा प्रश्न आपल्याला परका नाही. कुठल्या तरी बादशहाचा हिशेब आजच्या शिंप्याकडे, शिक्षकाकडे मागितला जातो, तेव्हा ते अन्याय्य आहे असे आपण म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. पण मग सत्ताधीश आपल्या धर्माचा असला, तरी त्याच्या जुलमाची वकिली आपण करता कामा नये. हे दोन्ही एकाच तोंडाने म्हणता आले, तरच इन्साफाची आपली मागणी खरी ठरेल.