कुरर पक्ष्याची चोच

दत्तभक्तहो, दारूचं व्यसन लागलं की घरचे रडतात. पैशाचं लागलं की चारचौघांत कौतुक होतं! म्हणून ते ओळखू येत नाही. खूण एकच: कितीही मिळालं तरी पुरत नाही, आणि थांबावं म्हटलं तर थांबवत नाही.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात. त्यांत एक कुरर पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडत होते. तुकडा टाकला, आणि तो सुखी झाला.

मग संसार टाकायचा का? नाही. गृहस्थाला धन लागतंच. पण चोच उघडता आली पाहिजे. हातभर बांधापायी सख्ख्या भावाशी अबोला असेल, तर या दत्तजयंतीला आधी त्याच्या दारी जा, मग आरतीला या. सुटतं की नाही, तिथेच कळेल.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥