धाब्याचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, ६:४-९



नवें घर बांधणाऱ्यानें आपल्या धाब्यास कठडा बांधावा, अशी आज्ञा देवानें मोशेच्या द्वारें इस्राएलास केली. कठडा न बांधल्यास, वरून पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येई. धाबें वाईट म्हणून ही आज्ञा नव्हती. राहाबेनें हेरांस धाब्यावरच लपविलें. यापो येथें पेत्र प्रार्थनेस धाब्यावरच गेला. उपयोगाच्या जागेवरून कोणी पडूं नये, एवढ्यासाठींच कठडा.

आमच्या उलव्यास आज जिकडे तिकडे उंच इमारती उभ्या आहेत. सज्जास कठडा नसलेलें घर कोणीही आईबाप घेणार नाहींत. "आमचें मूल शहाणें आहे, तें पडणार नाहीं," असें तेथें कोणी म्हणत नाहीं. परंतु त्याच घरांत मोबाइल मात्र कठड्यावांचून लेकराच्या हातीं दिला जातो. खेड्यांतही रानांतून थकून आलेली माउली, मूल रडूं नये म्हणून, तोच उपाय करिते. तिला मी दोष देत नाहीं; तिला कठडा बांधून देणारा कोणी नाहीं.

म्हणून कित्येक आईबाप आज कायदा मागत आहेत. आस्ट्रेलियांत नोव्हेंबर २०२४ मध्यें असा कायदा झाला व १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. त्याप्रमाणें १६ वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवूं देण्यास मनाई आहे. ही मागणी करणाऱ्यांत आपलीं मुलें गमावलेले आईबापही होते. त्यांत दंड आहे तो कंपन्यांस. मुलांस किंवा आईबापांस नाहीं. मोशेच्या नियमांतही दोष पडणाऱ्यावर नव्हे, तर घरधन्यावर ठेविला आहे. आपल्या देशांत एप्रिल २०२५ मध्यें, १३ वर्षांखालील मुलांसाठीं अशी बंदी मागणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें आला. हा धोरणाचा प्रश्न आहे, कायदा करणें संसदेचें काम आहे, असें सांगून न्यायालयानें तो ऐकला नाहीं. तेव्हां मागणी करण्याचें दार बंद झालेलें नाहीं.

कोणी म्हणेल, "आम्ही प्रार्थना करणारे लोक; आम्हांस कायदा कशाला?" बंधूंनो, मोशेही प्रार्थना करणारा होता, तरी त्यानें कठडा सांगितला.

परंतु कठडा लेकरास शिकवीत नाहीं. तें काम अनुवादाच्या ६ व्या अध्यायाप्रमाणें घरांत बसतां, वाटेनें चालतां आईबापांचें आहे. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव येथें २०२२ च्या आगस्टांत सरपंच विजय मोहिते व ग्रामस्थांनीं ठराव केला. रोज सायंकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजतो, आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद राहतात. प्रथम पुरुषमंडळी हंसली. पण आपणच फार वेळ टीव्ही पाहतों हें स्त्रियांनीं कबूल केलें, आणि तेथून काम चाललें. कबुलीशिवाय सुधारणा नाहीं. मीही कबूल करितों. एके सायंकाळीं घरच्या उपासनेंत माझी मुलगी शास्त्र वाचीत असतां मी मोबाइलकडे पाहिलें. ती वाचावयाची थांबली. ती कांहीं बोलली नाहीं; पण त्या दिवशीं माझ्याच धाब्यास कठडा नव्हता, हें मला कळलें.

भोंगा देवळावरचा, म्हणून आपण दूर राहावें काय? बाबेलांत नेलेल्या लोकांस यिर्मयानें त्या नगराचें हित पाहावयास सांगितलें. शेजाऱ्याचें लेकरूं पडलें तर आपणांस आनंद नाहीं. म्हणून सुवार्तिकांनो, तुमच्या ग्रामसभेंत असा ठराव निघाल्यास पुढें व्हा. न निघाल्यास तुम्हींच मांडा. आणि ठरावाची वाट न पाहतां, आज सायंकाळींच प्रथम आपला मोबाइल बंद करून लेकरांस जवळ बसवा.

लेकरांस जवळ येऊं देणारा प्रभु आपल्या घरांस कठडा बांधण्याचें सामर्थ्य देवो. आमेन.

— एक पाळक, उलवे (पनवेल)