पाच बैल

फार जुनी गोष्ट. यहूदाच्या डोंगराळ मुलखात एक जमीनदार होता. त्याच्या बांधाला लागून एका गरीब शेतकऱ्याची जैतुनाची बाग होती. जमीनदाराने ती विकत मागितली. शेतकरी नाही म्हणाला.

मग जमीनदाराने आपला तांबडा, डावं शिंग मोडलेला बैल दूरच्या बाजारात गुपचूप विकला. आणि सकाळी बोंब ठोकली, "शेजाऱ्याने माझा बैल चोरून कापला!"

मोशेच्या नियमशास्त्रात अशा चोरीला दंड होता. मेंढरू चोरून कापलं तर चार मेंढरं, बैल कापला तर पाच बैल. बैल गेला की नांगरच थांबतो, म्हणून एक जास्त असेल. शेतकऱ्याकडे होता एकच बैल. दंड भरायचा तर बाग विकणं आलं.

पण एकट्याच्या शब्दावर कोणी दोषी ठरत नसे. निदान दोन साक्षीदार लागत. जमीनदाराने एक मेंढपाळ गाठला आणि कुंभाराकडे काम शिकणारा एक पोरगा. दोघांच्या हातावर चांदीचा एकेक तुकडा ठेवला.

गावच्या वेशीत वडीलमंडळी न्यायाला बसली.

"ओढ्याकाठी बैल कापताना मी याला डोळ्यांनी पाहिलं," मेंढपाळ म्हणाला.

"मीपण," पोरगा म्हणाला. बोलताना तो नखांतली माती उकरत होता.

सर्वांत वयस्कर पंचाने विचारलं, "मग दंड किती घ्यावा?"

"पाच बैल! एकही कमी नको," मेंढपाळ म्हणाला.

पोराने मान डोलावली.

"बरं," म्हातारा म्हणाला. पण निकाल दिला नाही. आधी ओढ्यावर माणूस धाडला. तिथे ना रक्त, ना हाडूक. मग आसपासच्या बाजारांत माणसं धाडली. जमीनदार पाय आपटत घरी गेला.

चौथ्या दिवशी तांबडा बैल आपल्या पायांनी वेशीत आला. डावं शिंग मोडलेलं. मागे तो विकत घेणारा माणूस. त्याने जमीनदाराकडे बोट दाखवलं, "यांनीच विकला मला."

म्हातारा म्हणाला, "आता तुम्ही तिघं या शेतकऱ्याला पाच-पाच बैल द्या. खोट्या साक्षीदाराने दुसऱ्याचं जे करायचं योजलं, तेच त्याच्या वाट्याला द्यावं, असं नियमशास्त्र सांगतं."

मेंढपाळ हात जोडून म्हणाला, "बाबा, आम्ही नुसतं बोललो. कुणाच्या वस्तूला हातही लावला नाही."

"तुमच्या नुसत्या बोलण्यानेच याची बाग जाणार होती. आणि दंड मी कुठे ठरवला? तुम्हीच तर सांगितलात."

मेंढपाळाचा कळप विकला गेला. पोराकडे विकायला काहीच नव्हतं, म्हणून तो त्या शेतकऱ्याकडे राबायला गेला. सहा वर्षं चाकरी, सातव्या वर्षी सुटका. चाकरीला जाण्याआधी तो चांदीचा तुकडा परत करायला जमीनदाराकडे गेला.

जमीनदाराने तो मुकाट्याने घेतला. पाच बैलांचे पैसे तोही जुळवत होता.