किती दूर, किती जवळ

मुलगा तिशी ओलांडलेला, व्यसनापायी नोकरी पुन्हा गेलेली, आईच्या बांगड्या सोनाराकडे गहाण. अशा घरातल्या आईवडिलांना कुणी ना कुणी सांगतंच, ‘आता त्याच्यातून मन काढून घ्या.’ सल्ल्यात तथ्य आहे, पण तो मुळात आईवडिलांसाठी घडलेला नव्हता.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून दारू सोडू पाहणाऱ्यांचं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. घरच्यांचं काय, हा प्रश्न मागे राहिला. १९५१ साली बिल यांच्या पत्नी लोइस यांनी पुढाकार घेऊन मद्यपींच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनची स्थापना केली. तिथं येणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांना तिथं कळलं, की हे व्यसन आपण लावलेलं नाही, ते आपल्या ताब्यात नाही आणि ते बरं करणंही आपल्या हातात नाही. नवऱ्याच्या वतीनं साहेबाला खोटं सांगणं, त्याची उधारी फेडणं थांबवायचं. माया मात्र आटू द्यायची नाही. प्रेम ठेवून अलिप्त राहण्याचा हा विचार शरमेनं कोंडलेल्या बायकांसाठी मोठा आधार ठरला.

पुढे आईवडिलांनी तोच विचार उचलला, आणि इथं अडचण झाली. नवराबायको दोन प्रौढ माणसं म्हणून एकमेकांच्या आयुष्यात येतात. मुलाला आपण जन्मापासून सांभाळलेलं असतं आणि त्याच्याशी काडीमोड होत नाही. त्यातच १९८०च्या दशकात फिलिस आणि डेव्हिड यॉर्क या दांपत्याच्या ‘टफलव्ह’ गटांमुळे पालकांच्या कठोरपणाला प्रतिष्ठा मिळाली. ‘तळ गाठल्याशिवाय तो सुधारणार नाही’ हे वाक्य रूढ झालं. अलिप्ततेतलं प्रेम गळालं, नुसतं अंतर उरलं.

या अंतराची किंमत जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी मोजली. १९७२ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला हा नेता. त्यांची मुलगी टेरी अनेक वर्षं दारूच्या व्यसनाशी झुंजत होती. समुपदेशनात मिळालेल्या सल्ल्यावरून शेवटच्या काही महिन्यांत आईवडिलांनी तिच्यापासून अंतर राखलं. डिसेंबर १९९४मध्ये मॅडिसन शहरात नशेत ती बर्फात कोसळली आणि गारठून मरण पावली. वय ४५. दोन वर्षांनी तिच्यावर लिहिलेल्या पुस्तकात वडिलांनी त्या दुराव्याची खंत उघडपणे मांडली. ते जवळ राहिले असते तर ती वाचली असती, असं कुणी म्हणू शकत नाही. पण तळ म्हणजे मृत्यूही असू शकतो, हे त्या सल्ल्यात कुणी धरलंच नव्हतं.

तोवर न्यू मेक्सिकोत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मायर्स वेगळ्या वाटेनं निघाले होते. व्यसनी माणूस शुद्धीत असताना जवळ जायचं, नशेत असताना बाजूला व्हायचं, त्याच्या करणीचे परिणाम त्यालाच भोगू द्यायचे आणि तो तयार दिसताच उपचाराचा विषय काढायचा, हे ते घरच्यांना शिकवत. ‘क्राफ्ट’ नावानं ही पद्धत ओळखली जाते. उपचार नाकारणाऱ्या मद्यपींच्या १३० नातलगांवरचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्क्यांच्या घरचं माणूस उपचारांना आलं. सर्वांनी मिळून त्याला समोरासमोर खडसावण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं, तर अल-अ‍ॅनॉनच्या वाटेनं १३. अर्थात अल-अ‍ॅनॉनचा हेतू घरच्यांना सावरण्याचा आहे, आणि त्याची गरज आजही तितकीच आहे.

आपल्याकडे १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता (सुनंदा) आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं व्यसनाला आजार मानलं आणि कुटुंबालाही उपचारांत सामील करून घेतलं. तरी घरोघरी ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हेच ऐकू येतं, म्हणजे आईवडिलांचं ओझं परक्याच्या मुलीच्या डोक्यावर.

म्हणून मला वाटतं, आईवडिलांनी अंतर राखायचं ते व्यसनाच्या व्यवहारापासून. त्याच्या हाती रोख पैसे द्यायचे नाहीत, सावकाराला सामोरं त्यानंच जायचं, मारहाण झाली तर पोलिसांना बोलवायचं. पण तो जेवला का, हे विचारायचं, त्याचा फोन उचलायचा आणि उपचारांचा खर्च थेट केंद्रात भरायचा. हे एकट्यानं पेलत नाही. म्हणून आईवडिलांनी आपल्यासारख्याच पालकांच्या गटात जाऊन बसावं, मुलगा उपचारांना तयार होण्याची वाट न पाहता.